कार्पेटाखालची ओल



पेसाह जवळ आला की आपल्या घरांत एकच धांदल उडते. कपाटं रिकामी होतात, गाद्या गॅलरीत उन्हाला पडतात, आणि घर आटोपलं की मोर्चा गाडीकडे वळतो. वर्षभर मागच्या सीटवर बसून बिस्किटं आणि पावाचे तुकडे कुणी खाल्ले हे मुलांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून व्हॅक्युमची नळी त्यांच्याच हातात देतात. हामेत्सचा कण राहू नये म्हणून सीट पुढेमागे सरकतात, मॅट बाहेर येतात, आणि मग खाली जे असतं ते दिसतं. दरवर्षी ह्याच सुमारास कुणीतरी आम्हाला विचारतं, "सिस्टर, गाडीला फार वास येतो हो. कार्पेट बदलून टाकू का?"

ह्या सदरात आम्ही आजवर रक्तदाब, गुडघे, मुलांचा ताप अशा विषयांवर लिहीत आलो. ह्या खेपेस गाडीवर लिहितो. नर्सबाईला गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर असं की आमच्या घरात पाना-पेचकस चालवणारे हात आमच्या ह्यांचे, आणि नाक आमचं. मुंबईला नर्सिंग शिकत असताना आमच्या मेट्रनबाई सांगत, पट्टी ओली झाली तर नुसती पट्टी बदलून चालायचं नाही, ती ओली का झाली ते बघा. गाडीच्या कार्पेटाला हेच लागू आहे. वास आला, डाग पडले, कडा कुजल्या, तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. कार्पेट त्यानंतर.

पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता. आपल्यापैकी मुंबईहून आलेल्या वडील मंडळींना तिथल्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्या आठवतील. खाली रबरी मॅट, सीटला रेक्झिन. पावसाळ्यात ड्रायव्हर मॅट उचलायचा, झटकायचा, फडकं मारायचा, झालं. पुढे त्याच गाडीला पद्मिनी नाव पडलं. त्या टॅक्स्या ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत बंद झाल्या. इथं इस्राएलात १९६० च्या दशकात हैफाच्या ऑटोकार्स कंपनीची सुसिता होती. मुलांनो, तिचं अंग फायबरग्लासचं असे, आणि उंट ते चावून खातात अशी गंमत लोक सांगत. खरंखोटं उंटांनाच ठाऊक! पण फायबरग्लासला गंज चढत नाही एवढं मात्र खरं. पुढे इथल्या रस्त्यांवर सुबारू गाड्याच गाड्या झाल्या, कारण अरब बहिष्काराच्या भीतीनं बाकीच्या जपानी कंपन्या कितीतरी वर्षं आपल्याला गाड्या विकत नव्हत्या. आता आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचा तळ पोलादी पत्र्याचा असतो. त्या पत्र्यावर आवाज दाबणारं डांबरी अस्तर, त्यावर फेल्ट किंवा फोमचा जाड थर, आणि सगळ्यात वर कार्पेट. वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडं लागतं. खालचा थर मात्र स्पंजसारखा पाणी धरून बसलेला असतो. कार्पेटाच्या पाठीला बऱ्याचदा रबरी किंवा प्लास्टिकचा लेप असतो, त्यामुळे ते पाणी वरून वाळत नाही. गाडी दोन दिवस उन्हात ठेवली म्हणजे सुकली, असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता एक उदाहरण सांगतो. अश्दोदला आमच्या ओळखीचे एक काका आहेत. वय ऐंशीच्या पुढे, गाडी १९९९ सालची, इंजिन अजून ठणठणीत. काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. सकाळी नेऊन सोडायचं, सुमारे चार तासांनी परत आणायचं. ही गाडी म्हणजे त्या दोघांचे पायच म्हणा ना. गेल्या हिवाळ्यात काकू गाडीत बसल्या की खोकायला लागायच्या आणि थंडीतही काच खाली करायला सांगायच्या. मुलगा म्हणाला, "पप्पा, विका ती आता." काकांनी ऐकलं नाही. त्यांनी कार्पेट बसवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जुन्यावरच नवं टाकून देतो, दोन तासांचं काम. आम्ही योगायोगानं त्याच आठवड्यात भेटायला गेलो होतो. दार उघडताच तो कुबट वास आला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा असतो तसा.

आम्ही काकांना म्हटलं, त्या माणसाला आठ दिवस थांबायला सांगा. मग एक जुनं वर्तमानपत्र घेतलं, चार घड्या घातल्या, काकूंच्या पायाखालच्या जागी ठेवलं आणि आमच्या ह्यांना त्यावर जोर देऊन उभं राहायला सांगितलं. मिनिटभरानं कागद उचलला तर ओलाचिंब. ड्रायव्हरच्या बाजूला तसंच केलं, तिथं कागद कोरडा. ही परीक्षा दहा वर्षांचं मूलसुद्धा करू शकतं आणि तिला एक पैसा लागत नाही.

वासावरूनही पुष्कळ कळतं. कुबट वास म्हणजे पाणी आणि बुरशी. गोडसर वास येत असेल, काचेवर आतून चिकट धुकं जमत असेल आणि पायाखाली हिरवट किंवा गुलाबी पाणी दिसत असेल, तर गाडीच्या हीटरमधून कूलंट गळत आहे. ते चवीला गोड पण विषारी असतं. मुलं आणि घरचं कुत्रं-मांजर दूर ठेवा आणि गाडी मुसाखात न्या. पेट्रोलचा वास आला तर शोधत बसू नका. गाडी बंद करा, बाहेर या, आणि कारागिराला बोलवा.

साध्या पाण्याच्या मुख्य वाटा चार. पहिली, पुढच्या काचेखाली वायपरपाशी जी पन्हाळ असते ती. झाडाखाली गाडी लावली की तिच्यात पानं आणि पाइनच्या काड्या साचतात, भोकं बुजतात, आणि पावसाचं पाणी तुंबून हवा आत घेणाऱ्या तोंडातून थेट पायाशी उतरतं. दुसरी, एसीची नळी. उन्हाळ्यात एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात, ते चांगलं लक्षण. दमट हवेत एसी तासभर चालूनही खाली एक थेंब नाही आणि पुढच्या प्रवाशाचे पाय ओले, तर नळी तुंबली आहे असं समजा. तिसरी, दारं. दाराच्या आतल्या पॅनलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची दुरुस्ती करताना कुणी तो फाडला, की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच खाली जायच्याऐवजी आत येतं. चौथी, सनरूफच्या नळ्या आणि डिकीचं रबर.

काकांच्या गाडीत आमच्या ह्यांनी एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवला, म्हणजे आम्हालाच, आणि बाहेरून काचेवर नळीनं हळूहळू पाणी सोडलं. जोराचा फवारा मारायचा नाही, पावसासारखं सोडायचं. खालून वर यायचं, एकेक जागा पाच पाच मिनिटं, म्हणजे पाणी नक्की कुठून शिरतं ते कळतं. चौथ्या ठिकाणी डाव्या-उजव्याचा सोक्षमोक्ष लागला. पन्हाळीचं भोक पाइनच्या काड्यांनी घट्ट बुजलं होतं. ह्यांनी हातानं दोन मुठी काड्या काढल्या, मऊ तारेनं भोक मोकळं केलं, आणि पाणी गाडीखाली खळखळ वाहिलं. गाडी कुठल्याही कंपनीची असो, पानं सगळ्यांवर सारखीच पडतात. ह्या सगळ्याला खर्च शून्य.

नंतर कार्पेट काढायचं काम. इथं एक गोष्ट जपून. पुढच्या सीटच्या खाली पिवळ्या रंगाचे जोड किंवा पिवळ्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आणि सीट बेल्ट आवळणाऱ्या यंत्राच्या असतात. त्यांना घरी हात लावू नका. सीट काढण्याचं काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. तो आधी बॅटरीचा ऋण टोकाचा जोड सोडतो, काही मिनिटं थांबतो, मगच पुढे हात घालतो. सीट बहुधा चार बोल्टांवर बसलेली असते. त्यानंतर दारातल्या पट्ट्या, मधला कन्सोल आणि सीट बेल्टचा खालचा बोल्ट. परत बसवताना सीटचे आणि बेल्टचे बोल्ट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जोरानंच, टॉर्कच्या पान्यानं आवळायला लागतात. हाताच्या अंदाजानं नाही. अपघातात माणसाला धरून ठेवतात ते हेच बोल्ट.

काकांच्या गाडीतलं कार्पेट वर आलं तेव्हा खालचा फेल्ट हातात घेऊन पिळला, तर काळं पाणी निघालं. पत्र्यावर तळहाताएवढा गंज. भोक पडलं नव्हतं, नशीब. त्यावर नवं कार्पेट टाकलं असतं तर दोन तासांत गाडी सुंदर दिसली असती, आणि खाली गंज निवांत खात राहिला असता. तळाच्या पत्र्याला भोक पडलं की वेल्डिंगला पर्याय नाही, आणि तो खर्च कार्पेटाच्या कितीतरी पट.

फेल्ट फेकून दिला. पत्रा पुसला, दारं उघडी ठेवून पंखा लावला आणि पुरते चार दिवस वाळू दिला. मग तारेच्या ब्रशनं गंज घासला, गंजावर लावायचं औषध लावलं, प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले, आणि तळाची रबरी बुचं जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं. त्या आठ दिवसांत काकूंच्या डायलिसिसच्या फेऱ्या आपल्याच समाजातल्या तीन घरांनी वाटून घेतल्या. कुणी आभाराचा शब्द ऐकून घेतला नाही.

इथं नर्स म्हणून एक निकडीचं सांगतो. बुरशी दिसली की आपल्या बायका पहिल्यांदा इकॉनॉमिकाची बाटली उघडतात. इकॉनॉमिका म्हणजे ब्लीच. त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही विषारी वाफ निघते. आणि गाडी म्हणजे बंद डबा. गाडीच्या आत ब्लीच वापरूच नका. कापडाचा रंग जातो आणि पट्ट्यांचे धागे कमजोर होतात ते वेगळंच. साधं सौम्य साबणाचं पाणी घ्या, मऊ ब्रश घ्या, सगळी दारं उघडा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे. ज्याला दमा आहे त्यानं हे काम करू नये. मग पूर्ण वाळवा. उरलेल्या वासाला कोरड्या कार्पेटावर खाण्याचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्युम करा. आरशाला टांगायची सुगंधी झाडं म्हणजे ताप न मोजता कपाळाला अत्तर लावणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी ह्यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा सूर असाच आहे की ओल टिकू देऊ नये, कारण दमा आणि श्वासाच्या तक्रारी तिच्याशी जोडलेल्या दिसतात. ती पुस्तिका इमारतींविषयी आहे, पण फुप्फुसं गाडीत बसताना काही वेगळी होत नाहीत.

आता नवं कार्पेट. साच्यात गरम करून गाडीच्या तळाच्या आकाराचं केलेलं मिळतं, ते घ्यावं. घडीचं सपाट कापड मधल्या उंचवट्यावर नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. जुनं कार्पेट फेकायची घाई करू नका. ते नव्यावर अंथरून भोकांची मापं घेता येतात. नवं आधी तास-दोन तास उन्हात पसरून ठेवा, म्हणजे घड्या मोडतात आणि ते मऊ होतं. बसवायला मधल्या उंचवट्यापासून सुरुवात करा आणि दाराकडे जा. भोकं नेहमी लहान पाडा. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान होत नाही, हे शिवण शिकलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. खालचा फेल्टही नवाच घाला. काकांनी करड्या रंगाचं निवडलं. काकू म्हणाल्या, "काळं नको, पडलेली गोळी दिसत नाही." डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे पॅडल. कार्पेट बसवून झालं की इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर आणि ब्रेक तळापर्यंत दाबून पाहा. पाय उचलला की ॲक्सिलरेटर आपोआप वर आला पाहिजे, कुठंही घासता कामा नये. मॅट त्याच गाडीची हवी आणि तळाच्या आकड्यांत अडकवलेली हवी. एका मॅटवर दुसरी कधीच टाकू नका. २००९ साली अमेरिकेत टोयोटानं सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरची मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं, कारण सरकलेल्या मॅटखाली ॲक्सिलरेटर अडकण्याचा धोका होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅन डिएगोजवळ दुसऱ्या मॉडेलची मॅट टाकलेल्या एका गाडीत असंच होऊन चार माणसं गेली. पेसाहच्या सफाईत आपण मॅट धुतो आणि घाईघाईत परत टाकतो. ती आकड्यात अडकली का, एवढं बघून घ्या.

बाकीच्या आतल्या साजाविषयी थोडक्यात. इथल्या उन्हानं छताच्या कापडामागचा फोम चुरा होतो आणि कापड डोक्यावर लोंबतं. टाचण्या टोचून ते राहत नाही. छताचा फळा उतरवून जुना फोम घासून काढायचा आणि उष्णतेला टिकणाऱ्या गोंदानं नवं फोमचं कापड लावायचं. सीटच्या कव्हराची खरेदी करताना सीटच्या कुशीत एअरबॅग आहे का ते पाहा. असेल तर तिथं उघडणारं कव्हरच घ्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा आणि सुकल्यावरच आत सोडा. डॅशबोर्डला चकाकी आणणारा फवारा मारू नका, उन्हात काचेवर त्याची तिरीप येते. स्टीअरिंगला आणि पॅडलला तर मुळीच नको, हातपाय निसटतात. एसीच्या हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, बऱ्याच गाड्यांत हातमोज्यांच्या खणामागे असतो. तो वर्षातून एकदा बदला. काकांचा काढला तेव्हा त्यावर शेवाळासारखा थर होता.

काकूंचा खोकला ओलीमुळेच होता असं आम्ही म्हणणार नाही, ते सांगणं डॉक्टरांचं काम. पण हिवाळ्याचे उरलेले दिवस त्या काच बंद करून, पायावर शाल घेऊन बसल्या, आणि गाडी विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. परवा काका फोनवर म्हणाले, आता पार्किंगची जागा बदलली, पाइनच्या झाडाखाली लावत नाही.

बाळगोपाळांनो, तुमच्यासाठी ह्या वेळचं काम असं. सबा-सफ्तांच्या गाडीत मॅट उचला आणि वर्तमानपत्राची परीक्षा चारही पायांच्या जागी करा. वायपरपाशी साचलेली पानं वेचून काढा. एसी चालू असताना गाडीच्या बाहेर, बाजूला उभं राहून खाली पाणी पडतं का ते पाहा. ड्रायव्हरची मॅट आकड्यात आहे का ते मोठ्यांना दाखवा. चारही गोष्टी ठीक असतील तर सफ्ताकडून खाऊ मागून घ्या, आमचं नाव सांगा. आणि कागद ओला निघाला तर कार्पेटवाल्याला फोन करण्याआधी नळी आणि टॉर्च काढा.

पुढच्या अंकात उन्हाळ्यातलं पाणी पिणं आणि वडील मंडळींच्या गोळ्या ह्यांवर लिहू. आपणा सर्वांना पेसाहच्या शुभेच्छा.